खान्देशातून माइल्सवर विमानप्रवास: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी सगळं पहिल्यापासून

सगळ्यात आधी एक सांगतो, क्रेडिट कार्ड हा या सगळ्यातला शेवटचा भाग आहे, पहिला नाही. लोक उलटं करतात. मॉलमध्ये नाहीतर स्टेशनबाहेर स्टॉल लावून बसलेला पोरगा ट्रॉली बॅग फ्री देतो म्हणून कार्ड घेतात, दोन-तीन वर्षं पॉइंट साचत राहतात, मग एक दिवस एक्सपायर व्हायचा मेसेज येतो म्हणून घाईघाईत त्याचं मिक्सर नाहीतर गिफ्ट व्हाउचर घेतात आणि वर म्हणतात, यात काही अर्थ नाही भाऊ. अर्थ आहे, चांगला आहे, पण आधी कुठे जायचंय ते ठरलं पाहिजे. जागा ठरली की तिकडे कोणती एअरलाईन जाते ते बघायचं, मग त्या एअरलाईनचे पॉइंट कुठून कुठून मिळतात ते बघायचं, आणि त्याच्यानंतर कार्ड. हा क्रम धरला तर वर्षा-दीड वर्षात घरातल्या दोघांचं एक तिकीट तरी सुटतं, आणि नाही धरला तर नुसती फी भरत बसावं लागतं.

हे मी जळगाव, धुळे, नंदुरबार डोळ्यासमोर ठेवूनच लिहितोय. या विषयावर हिंदी-इंग्रजीत भरपूर व्हिडिओ आहेत पण ते सगळे दिल्ली-मुंबईत राहणाऱ्या माणसाचे, घरातून निघाला की तासाभरात एअरपोर्ट. आपल्याला आधी रात्रभराची गाडी, मग विमान. त्यामुळे हिशोबही थोडा वेगळा पडतो.

माइल्स म्हणजे नक्की काय

थोडक्यात सांगतो. एअरलाईनने गिऱ्हाईक बांधून ठेवायला काढलेले हे पॉइंट. अमेरिकन एअरलाईन्सने १९८१ मध्ये असा प्रोग्राम काढला आणि मग जगभर सगळ्यांनी तेच केलं. सुरुवातीला विमानात बसलं तरच माइल्स मिळायचे, पण नंतर एअरलाईन्सच्या लक्षात आलं की हे माइल्स बँकांना विकता येतात. बँक पैसे देऊन माइल्स विकत घेते आणि कार्डधारकाला बक्षीस म्हणून देते. म्हणून आज विमानात एकदाही न बसता, किराणा नि लाईटबिल भरून सुद्धा माइल्स जमतात. बँक हे का करते? दुकानदाराकडून तिला प्रत्येक स्वाईपमागे कमिशन मिळतं, आणि जे लोक बिल वेळेवर भरत नाहीत त्यांच्याकडून व्याज मिळतं. हे दुसरं वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

पॉइंटचे दोन प्रकार. एक एअरलाईनचे स्वतःचे, म्हणजे एअर इंडियाचे महाराजा पॉइंट्स, इंडिगोचे ब्लूचिप्स, सिंगापूर एअरलाईन्सचे क्रिसफ्लायर माइल्स. दुसरे बँकेचे रिवॉर्ड पॉइंट, जे बँकेच्या पोर्टलवर वापरता येतात किंवा काही कार्डांवर एअरलाईनच्या खात्यात पाठवता येतात. यातला पाठवता येणारा प्रकार सगळ्यात कामाचा, कारण कुठे जायचं ते बदललं तरी पॉइंट अडकत नाहीत.

उडायचं कुठून

आपल्याकडच्या माणसाने हे पहिलं ठरवायचं. जळगावला विमानतळ आहे, २०१२ मध्ये सुरू झाला, मध्ये बरीच वर्षं कधी विमान आहे कधी नाही असं चाललं, २०२४ पासून फ्लाय९१ आणि अलायन्स एअरने पुन्हा गोवा, पुणे, हैदराबाद, मुंबई अशा फेऱ्या चालू केल्या. वेळापत्रक बदलत असतं, निघायच्या आधी बघून घ्या. पण माइल्सच्या दृष्टीने जळगावच्या विमानांचा सध्या हिशोबच धरू नका. बऱ्याच जणांना वाटतं अलायन्स एअर म्हणजे एअर इंडियाच, तर तसं नाही, जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली तेव्हा अलायन्स एअर सरकारकडेच राहिली, दोन्ही आता वेगळ्या कंपन्या आहेत. जळगावचं विमान सोयीच्या वेळी आणि बऱ्या भावात मिळालं तर सरळ रोख पैसे देऊन जा, पॉइंट दुसरीकडे वापरा.

मग उरलं काय? जळगाव-पाचोऱ्याच्या माणसाला छत्रपती संभाजीनगर, तिथून दिल्ली-मुंबईची मोठ्या एअरलाईनची विमानं असतात. धुळ्याला शिर्डी आणि नाशिकचं ओझर दोन्ही पडतात, आणि शिरपूरवाल्यांनी इंदूर जरूर बघावं, आग्रा रोडने सरळ वर जायचं, बऱ्याचदा इंदूरहून दिल्लीचं तिकीट मुंबईपेक्षा स्वस्त दिसतं आणि मुंबईतला ट्रॅफिकचा ताप वाचतो. नंदुरबार, नवापूर, शहाद्याकडच्यांना तर सुरत सगळ्यात सोयीचं, तापी लाईनची कुठलीही गाडी धरा. पण परदेशी जायचं असेल तर दहातल्या नऊ वेळा शेवटी मुंबईच.

मुंबईसाठी एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. पॉइंटवरचं तिकीट आणि रेल्वेचं तिकीट यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. गाडी कसारा घाटात चार तास उभी राहिली आणि विमान निघून गेलं तर एअरलाईन जबाबदार नाही, रेल्वेही नाही. पावसाळ्यात हे होतंच. म्हणून रात्री दोन-तीनचं इंटरनॅशनल विमान असेल तर भुसावळहून आदल्या दिवशी सकाळीच पोहोचणारी गाडी धरा, संध्याकाळी उशिरा पोहोचणारी नको, आणि सकाळचं विमान असेल तर आदल्या दिवशीच जा, नातेवाईकाकडे मुक्काम करा. आणि आता तिकिटावर एअरपोर्टचा कोड नीट वाचायला शिका, कारण नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं, त्याचा कोड एनएमआय, आणि अंधेरीकडच्या जुन्याचा बीओएम. एकाचं तिकीट आणि माणूस दुसरीकडे, असं व्हायला नको. आपल्या बाजूने सेंट्रलने येणाऱ्याला नवी मुंबईसाठी ठाण्याला उतरून जाता येतं, अंधेरीसाठी दादर. नंदुरबार-अमळनेरकडून खान्देश एक्सप्रेसने येणाऱ्याला वेस्टर्न लाईन असल्यामुळे जुना एअरपोर्टच बरा.

अकाऊंट उघडणं, आणि नावाची भानगड

एअरलाईनच्या प्रोग्रामचं मेंबर व्हायला पैसे लागत नाहीत. वेबसाईटवर जायचं, नाव, जन्मतारीख, मोबाईल, ईमेल, झालं. घरातल्या प्रत्येकाचं वेगळं अकाऊंट उघडा, दोन वर्षांवरच्या मुलांचं सुद्धा बहुतेक ठिकाणी उघडतं. एवढं सोपं काम, पण आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

पासपोर्ट हातात घ्या. त्यात दोन ओळी असतात, एक आडनावाची आणि एक दिलेल्या नावाची. आपण मराठी माणसं तीन नावं लावतो, तर बहुतेकांच्या पासपोर्टवर दुसऱ्या ओळीत स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव दोन्ही असतात. अकाऊंट उघडताना मात्र लोक फक्त स्वतःचं नाव आणि आडनाव टाकतात, किंवा आधारवर आडनाव पहिलं आहे म्हणून ते पहिल्या नावाच्या रकान्यात टाकतात. तिकीट निघतं पासपोर्टप्रमाणे, अकाऊंट असतं वेगळ्या नावाने, मग माइल्स जमा होत नाहीत, आणि बँकेतून पॉइंट पाठवायला गेलं की नाव जुळत नाही म्हणून परत येतात नाहीतर अडकतात. तर पासपोर्टवर जसं आहे अगदी तसं, स्पेलिंगसकट, तोच क्रम. पासपोर्ट नसेल तर आधी पासपोर्ट काढा, मग अकाऊंट उघडा.

बायकांच्या बाबतीत जास्त लक्ष द्या. पासपोर्ट माहेरच्या नावाचा, पॅनकार्ड सासरच्या नावाचं, बँकेत अजून तिसरंच. आमच्या ओळखीतल्या एका वहिनींचं असंच होतं, लग्न झाल्यावर माहेरच्या नावाचा पासपोर्ट तसाच राहिला आणि कार्ड नवऱ्याच्या आडनावाने निघालं. अशा वेळी पासपोर्ट रिन्यूला आला की नाव एकसारखं करून घ्या आणि मगच पॉइंटच्या मागे लागा. आणि आपल्याकडे पाटील, चौधरी, महाजन, सोनवणे अशी एकाच नावाची माणसं गावात दहा-दहा असतात, त्यामुळे जन्मतारीख आणि ईमेल स्वतःचीच टाका, एजंटचा ईमेल कधीच टाकू नका. ओटीपी त्याच्याकडे जातो, पॉइंटही त्याच्याकडेच जाऊ शकतात.

कोणता प्रोग्राम धरायचा

देशातल्या देशात जास्त फिरत असाल तर इंडिगो आणि एअर इंडिया, दोन्हीची अकाऊंट उघडा, विषय संपला. इंडिगोचे ब्लूचिप्स समजायला सोपे आहेत, विमानंही सगळीकडे आहेत. एअर इंडियाचा फायदा वेगळा, ती २०१४ पासून स्टार अलायन्स या एअरलाईन्सच्या गटात आहे, म्हणजे सिंगापूर, लुफ्थान्सा, युनायटेड, टर्किश, थाय अशा एअरलाईनच्या विमानात बसलात तरी तुमचा एअर इंडियाचा मेंबर नंबर टाकून पॉइंट घेता येतात, आणि पॉइंट वापरून त्यांच्या सीटही बुक करता येतात. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात मिसळली, त्यामुळे कोणाकडे जुनं क्लब विस्ताराचं अकाऊंट असेल तर त्याचे पॉइंट एअर इंडियाकडे आले का ते एकदा लॉगिन करून बघा, बरेच जण विसरून गेलेत.

पोरं परदेशात असतील तर विचार त्या देशावरून करायचा. फैजपूर-सावद्यापासून धुळ्यापर्यंत आता घरटी नाही तरी गल्लीत एक पोरगा अमेरिकेत नाहीतर जर्मनीत आहेच, आणि आई-वडील वर्ष-दोन वर्षांनी जातात. युरोपसाठी एअर फ्रान्स-केएलएमचा फ्लाइंग ब्लू चांगला, दर महिन्याला काही मार्गांवर कमी माइल्सच्या ऑफर काढतात. सिंगापूर, बाली, ऑस्ट्रेलियासाठी क्रिसफ्लायर. दुबईमार्गे अमेरिकेला एमिरेट्स, दोहामार्गे कतारचे एव्हिओस, म्हणजे त्यांचे पॉइंट. सगळे धरायला जाऊ नका. एक देशातला आणि एक परदेशातला, बस. पाच ठिकाणी तीन-तीन हजार माइल्स पडून राहिले तर कुठेच तिकीट निघत नाही, आणि क्रिसफ्लायरसारख्या ठिकाणी माइल्स तीन वर्षांनी एक्सपायर होतात.

घरच्यांचे माइल्स एकत्र करायची सोय आहे का तेही बघा. एमिरेट्समध्ये कुटुंबातले आठ जण मिळून एका ठिकाणी माइल्स साठवू शकतात. क्रिसफ्लायरमध्ये एकत्र होत नाहीत, पण पाच जणांची नावं जोडून त्यांच्यासाठी तुमच्या माइल्सवर तिकीट काढता येतं. म्हणजे मुलाने सिंगापुरात बसून जमवलेल्या माइल्सवर एरंडोलची आई जाऊ शकते, तिच्या नावावर एकही माइल नसला तरी चालतं.

आता कार्ड

एक नियम, ज्याला अपवाद नाही. बिल दर महिन्याला पूर्ण भरता येत असेल तरच या वाटेला जा. मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली बँकेने सांगितलेली किमान रक्कमच, भरून चालवणार असाल तर कृपा करून पॉइंट विसरा. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्के असतं, वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर जातं, त्यावर १८ टक्के जीएसटी. पॉइंट मिळणार शंभराला एक-दोन रुपयांचे. कापूस विकल्यावर भरू, केळीचं पेमेंट आलं की भरू, असं ज्यांचं उत्पन्न हंगामी आहे त्यांनी तर फारच सांभाळून. व्यापाऱ्याचं पेमेंट लांबतं, बँकेची तारीख लांबत नाही. शेतकऱ्यांनी माझ्या मते ऑटोपे लावून, फक्त घरखर्चापुरतंच कार्ड वापरावं, खत-बियाण्याच्या मोठ्या उधारीला नाही.

पहिलं कार्ड बिनफीचं घ्या. का ते आकड्यात दाखवतो. समजा ५,००० रुपये फीचं कार्ड आहे, जीएसटी धरून ५,९०० झाले. तुमचा कार्डावरचा खर्च महिन्याला २० हजार, वर्षाचा २ लाख ४० हजार. शंभर रुपयाला २ माइल्स धरले तर वर्षाला ४,८०० माइल्स. एका माइलची किंमत ८० पैसे धरली तर ३,८४० रुपये. म्हणजे फी सुद्धा निघाली नाही. हेच कार्ड वर्षाला आठ-दहा लाख खर्च करणाऱ्याला परवडतं, आणि त्याच्याच अनुभवाचे व्हिडिओ तुम्ही बघत असता.

पगाराची स्लिप नाही, दुकान आहे नाहीतर शेती आहे, म्हणून कार्ड मिळत नाही ही आपल्याकडची नेहमीची अडचण. तर बऱ्याच बँका एफडीवर कार्ड देतात. २०-२५ हजारांची एफडी ठेवायची, तिच्यावर व्याज चालूच राहतं, आणि एफडीच्या रकमेच्या आसपास लिमिट मिळतं. वर्षभर नीट वापरलं की सिबिल स्कोअर तयार होतो, मग पुढचं कार्ड सोपं जातं. रुपे क्रेडिट कार्ड असेल तर यूपीआयला जोडता येतं, म्हणजे शहाद्याच्या किराणा दुकानात स्वाईप मशीन नसलं तरी स्कॅन करून पैसे देता येतात, आणि काही कार्डांवर त्याचेही पॉइंट मिळतात. किती मिळतात ते घेताना विचारा, कारण यूपीआयवरचा दर बऱ्याचदा कमी असतो.

मोठ्या खर्चांबद्दल गैरसमज फार आहेत. जळगावला सोनं घ्यायला लोक कुठून कुठून येतात, तर पहिला प्रश्न तोच येतो की सोनं कार्डावर घेतलं तर ढीगभर पॉइंट मिळतील ना. काही कार्डांवर दागिन्यांना पॉइंटच नाहीत, आणि वर दुकानदार कार्डाचे दोन टक्के जास्तीचे मागतो. पॉइंटमधून सुटणार रुपया-दीड रुपया आणि जाणार दोन, मग काय मिळवलं? दागिन्यांची खरेदी ईएमआयमध्येही बदलता येत नाही, रिझर्व्ह बँकेने ते बंद केलंय. तसंच पेट्रोल, वॉलेटमध्ये पैसे भरणं, घरभाडं, यांना बहुतेक कार्डांवर पॉइंट नसतात, भाड्यावर उलट एक टक्का चार्ज लागतो. कार्ड घेण्याआधी कुठल्या खर्चाला पॉइंट नाहीत ती यादी वाचा, पॉइंट कशावर मिळतात ती जाहिरात सगळेच वाचतात.

मग कामाचे खर्च कोणते? विमा, मुलांची फी (थेट कॉलेजच्या वेबसाईटवर, मधल्या ॲपवरून नाही), टीव्ही-फ्रिज, ऑनलाईन खरेदी, दवाखान्याचं बिल, आणि लग्न. लग्नात हॉल, कपडे, तिकिटं, फर्निचर हे जे पक्क्या बिलाचं आहे ते कार्डावर टाकलं तर एका झटक्यात वर्षभराचे पॉइंट होतात, आणि ठराविक खर्चाला जास्तीचे बोनस पॉइंट देणारी कार्डं असतात त्यांचा टप्पाही गाठला जातो. पैसे आधीच बाजूला काढून ठेवलेले हवेत, बस. एक मात्र करू नका, पॉइंटच्या नादात सगळ्या मित्रांचे, भाऊबंदांचे खर्च स्वतःच्या कार्डावर घेऊ नका. एका वर्षात कार्डाची १० लाखांच्या वर बिलं भरली, किंवा रोखीने १ लाखाच्या वर भरली, तर बँक ती माहिती इन्कम टॅक्सला कळवते. रिटर्न भरलाय ४ लाखांचा आणि कार्डबिल १४ लाखांचं, तर नोटीस येणारच, आणि मित्राचा खर्च होता हे सिद्ध करत बसावं लागणार.

आणि विमानापेक्षा तुमचा प्रवास रेल्वेनेच जास्त होत असेल, जो आपल्याकडे बहुतेकांचा होतो, तर लाजू नका, आयआरसीटीसीचं एसबीआय कार्ड बघा. एसीच्या तिकिटांवर पॉइंट मिळतात आणि एक पॉइंट म्हणजे तिकीट काढताना सरळ एक रुपया. काही डोकं लावायची गरज नाही.

पॉइंटचा भाव काढायला शिका

हे जमलं की ऐंशी टक्के काम झालं. रोखीने तिकीट कितीला आहे ते बघा. त्यातून पॉइंटवर बुक करताना जे कर आणि चार्जेस रोख भरावे लागतात ते वजा करा. उरलेल्याला पॉइंटच्या संख्येने भागा.

समजा मुंबई-दिल्ली तिकीट ७,२०० रुपयांना आहे. पॉइंटवर घेतलं तर ८,००० पॉइंट आणि वर ९०० रुपये. ७,२०० वजा ९०० म्हणजे ६,३००, भागिले ८,०००, एक पॉइंट ७९ पैशांना गेला. चांगलं. पण त्याच तिकिटाचा सेल लागला आणि ते ३,४०० ला आलं, तर २,५०० भागिले ८,०००, फक्त ३१ पैसे. तेव्हा रोख पैसे द्या आणि पॉइंट दिवाळीसाठी ठेवा. दिवाळी, मे महिना, लग्नसराई, शेवटच्या क्षणी निघायची वेळ, अशा वेळी रोखीचं भाडं आभाळाला जातं आणि पॉइंटला खरा भाव येतो. बँकेच्या कॅटलॉगमधल्या मिक्सरला हाच हिशोब लावून बघा, बऱ्याचदा पॉइंट २०-२५ पैशांना जातो.

परदेशी तिकिटात एक खाचखळगा आहे. बुकिंगच्या शेवटच्या पानावर टॅक्सेसवर क्लिक केलं की लांबलचक यादी उघडते, त्यात वायक्यू किंवा वायआर असं लिहिलेलं असतं. तो सरकारी कर नाही, ती एअरलाईनने स्वतः लावलेली रक्कम आहे, फ्युएल सरचार्ज म्हणतात. काही एअरलाईन पॉइंटच्या तिकिटावर ती पूर्ण लावतात, मग "फुकट" तिकिटाला वीस-पंचवीस हजार रोख जातात. युनायटेडसारखे काही प्रोग्राम ही रक्कम लावत नाहीत. म्हणून नुसते माइल्स किती हे बघून खूश होऊ नका, शेवटच्या पानापर्यंत जा.

बिझनेस क्लासचा हिशोब लोक फुगवून सांगतात. तिकीट १ लाख ६० हजारांचं, माइल्स ६० हजार आणि वर २२ हजार रुपये, म्हणजे एका माइलला २ रुपये ३० पैसे मिळाले. कागदावर बरोबर आहे. पण तुम्ही १ लाख ६० हजार रोख कधी दिले असते का? नसते दिले तर तुलना इकॉनॉमीच्या तिकिटाशीच करा. माझ्या मते सत्तरीतले आई-वडील, गुडघ्यांचा त्रास, पंधरा-सोळा तासांचं विमान, असं असेल तर बिझनेसला माइल्स घालवणं योग्य आहे, झोपून जाता येतं. पस्तिशीतल्या माणसाने त्याच माइल्समध्ये दोघांना इकॉनॉमीत न्यावं.

सीट शोधणं आणि पॉइंट पाठवणं

क्रम चुकवू नका: आधी सीट, मग ट्रान्सफर. बँकेतून एअरलाईनकडे गेलेले पॉइंट परत येत नाहीत. एअरलाईनच्या साईटवर लॉगिन करा, माइल्स वापरून बुक करायचा पर्याय निवडा आणि तारीख टाका. बहुतेक एअरलाईनची पॉइंटवरची सीट साधारण ११ महिने आधी उघडते, आणि प्रत्येक विमानात कमी माइल्सवाल्या सीट थोड्याच असतात. तारीख दोन-तीन दिवस पुढेमागे करायची तयारी ठेवा, मंगळवार-बुधवारी जास्त मिळतात. एकाच बाजूचं तिकीट काढायला घाबरू नका, जाताना पॉइंट, येताना रोख, असं चालतं, फक्त व्हिसासाठी परतीचं तिकीट लागत असेल तर ते बघून घ्या.

सीट दिसली की बँकेच्या साईटवर जा, पार्टनर एअरलाईन निवडा, मेंबर नंबर टाका आणि पहिल्यांदा सगळ्यात कमी चालतील तेवढेच पॉइंट पाठवा. ते नीट पोहोचले म्हणजे नाव-नंबर बरोबर आहे. मग बाकीचे. काही एअरलाईनकडे मिनिटात पोहोचतात, काहींकडे चार-पाच दिवस लागतात, आणि तेवढ्यात सीट जाऊ शकते, म्हणून सुट्टीच्या तोंडावर ट्रान्सफर करू नका. गुणोत्तरही वाचा. २:१ म्हणजे बँकेचे दोन देऊन एअरलाईनचा एक.

साठवून ठेवू नका

आपल्याकडे सोनं घेऊन ठेवायची सवय आहे, ठेवलं की वाढतं. पॉइंट बरोबर उलटे, ठेवले की घटतात. ॲक्सिसच्या मॅग्नस कार्डाचं उदाहरण सगळ्यांना माहितीये, ५ पॉइंटचे ४ माइल्स मिळायचे, १ सप्टेंबर २०२३ पासून ५ चे २ झाले. लोकांनी वर्षानुवर्षं साठवलेल्याची किंमत एका तारखेला निम्मी. एअरलाईनसुद्धा न सांगता माइल्सचे दर वाढवतात. म्हणून एका ठरलेल्या प्रवासापुरते जमवा, वापरा, मग पुढच्याचं बघा. दहा वर्षांनी रिटायर झाल्यावर युरोप करू म्हणून आजपासून साठवणं हा चुकीचा बेत आहे, त्यासाठी पैशाची बचत करा.

जायच्या आधी आणि आल्यावर

पॉइंटचं तिकीट हे पूर्ण तिकीट असतं, सामान, जेवण सगळं त्या क्लासच्या नियमाप्रमाणे. वयस्कर माणसांसाठी व्हीलचेअर आधीच मागून ठेवा, मुंबईचं टी२, म्हणजे टर्मिनल दोन, चालायला फार मोठं आहे, आणि मदतनीस इमिग्रेशनपर्यंत सोबत येतो. शाकाहारी जेवण किमान २४ तास आधी नोंदवा. काळा मसाला, लोणचं, बिबडे न्यायचे असतील तर चेक-इन बॅगेत, लोणचं केबिन बॅगेत सिक्युरिटीला काढून घेतात. परदेशात खर्चायला फॉरेक्स मार्कअप (परकी चलनातल्या खर्चावर बँक लावते तो जादा चार्ज) नसलेलं कार्ड न्या, साध्या कार्डावर साडेतीन टक्क्यांपर्यंत जातात आणि त्यावर जीएसटी. मशीनने रुपयात पैसे घेऊ का विचारलं तर नाही म्हणा, तिथल्याच चलनात द्या.

रोखीच्या तिकिटाने जाल तेव्हा मेंबर नंबर बुकिंगलाच टाका, एजंटकडून काढलं तरी त्याला टाकायला सांगा, विसरला तर वेब चेक-इनला टाकता येतो. स्वस्तातल्या काही तिकिटांवर पार्टनर एअरलाईनमध्ये माइल्स कमी मिळतात किंवा मिळतच नाहीत, ते तिकिटावरच्या बुकिंग क्लासच्या अक्षरावर असतं. घरी आल्यावर बोर्डिंग पास फेकू नका, फोटो काढून ठेवा. दहा-पंधरा दिवसांत माइल्स दिसले नाहीत तर एअरलाईनच्या साईटवर मिसिंग माइल्सचा फॉर्म असतो, तिकीट नंबर आणि बोर्डिंग पास जोडून भरायचा. मुदत प्रत्येकाची वेगळी, काही महिन्यांचीच असते, म्हणून सामान उघडलं की त्याच आठवड्यात हे काम उरकून टाका. आणि कार्ड आता नको वाटलं तर पॉइंट आधी वापरा, मग बंद करायचा अर्ज करा. थकबाकी नसेल तर बँकेला सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करावं लागतं, उशीर केला तर दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने तुम्हाला द्यायचा असतो. अर्जाची पोच जपून ठेवा.